मेडिकेअर पार्ट डी: मिस्टरांच्या गोळ्यांचे जानेवारीतच एकदम २,१०० डॉलर मागतायत, कोणाला माहिती आहे का?

जाईजुई_एडिसन

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहिते. माझे मिस्टर ६८ वर्षांचे, डिसेंबरअखेर रिटायर झाले, तोवर कंपनीचाच इन्शुरन्स होता. १ जानेवारी २०२६ पासून मेडिकेअर, म्हणजे इथे अमेरिकेतला ६५ च्या वरच्यांचा सरकारी इन्शुरन्स, त्याचे ए (हॉस्पिटल) आणि बी (डॉक्टर वगैरे) हे भाग सुरू झाले आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी प्लॅन घेतलाय. त्यांना पल्मनरी फायब्रोसिस आहे, म्हणजे फुफ्फुसं हळूहळू जाड होत जातात. त्यासाठी ओफेव्हच्या गोळ्या चालू आहेत, सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर. या गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण वाढायचा वेग कमी होतो आणि त्यांच्या बाबतीत खरंच झालाय, जिना चढताना अजून थांबावं लागत नाही.

नोकरीत असताना गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचं कोपे कार्ड होतं, म्हणजे रुग्णाच्या वाट्याचे पैसे (कोपे) कंपनीच भरायची, त्यामुळे खिशातून जवळजवळ काही जात नव्हतं. आता परवा स्पेशल्टी फार्मसीतून (अशी महागडी औषधं घरपोच पाठवणारी फार्मसी) फोन आला की प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे औषधासाठी प्लॅनची आधी लागणारी परवानगी, मंजूर झालंय, पण मेडिकेअरवर ते कार्ड चालत नाही, पहिल्या महिन्याचे २,१०० डॉलर भरा, क्रेडिट कार्डचा नंबर द्या म्हणजे पार्सल पाठवतो. मी म्हटलं विचार करून सांगते आणि फोन ठेवला.

आत्ता पगार बंद झालाय, १ फेब्रुवारीला प्रॉपर्टी टॅक्सचा हप्ता आहे, आणि ४०१के मधून, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंटच्या बचतीतून, काढायचं तर त्यावर परत टॅक्स. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. घरात जुन्या गोळ्या थोड्या दिवसांच्याच उरल्यात आणि मिस्टर म्हणायला लागले की मी दिवसाला एकच घेतो म्हणजे पुरतील. मी नाही म्हणून सांगितलंय, पण ते ऐकतीलच असं नाही.

माझे प्रश्न: हे २,१०० दर महिन्याला द्यायचे का? कार्ड का चालत नाही? आणि भारतातून मागवलं तर चालेल का, माझा भाऊ पुण्यातच आहे.

ह्यूस्टनकर

ताई, आधी हे वाचा आणि मग शांतपणे चहा घ्या. २,१०० दर महिन्याला नाही, वर्षाला. २०२६ साठी पार्ट डीची वरची मर्यादाच २,१०० डॉलर आहे, प्लॅनच्या यादीतल्या औषधांसाठी तुमच्या खिशातून वर्षभरात त्याच्यावर एक सेंटही जाणार नाही. औषध एवढं महाग आहे की पहिल्याच पार्सलमध्ये अख्खी मर्यादा संपते. आधी डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीचे पूर्ण आपणच भरायचे, ते ६१५ डॉलर, त्यानंतर मर्यादा येईपर्यंत किमतीच्या २५ टक्के तुमचे, आणि ओफेव्हची महिन्याची छापील किंमत १२ हजारांच्या वर आहे, तर त्याचे २५ टक्के किती होतात बघा. म्हणून जानेवारीत २,१०० आणि फेब्रुवारी ते डिसेंबर शून्य. बाकीची औषधं, बीपीची वगैरे, यादीतली असतील तर तीसुद्धा शून्य.

माझ्या बायकोला ब्रेस्ट कॅन्सरसाठी आयब्रन्स चालू आहे, ती २०२२ साली मेडिकेअरवर गेली तेव्हा ही मर्यादा नव्हती. तेव्हा कॅटॅस्ट्रॉफिक म्हणतात त्या टप्प्यात गेलात तरी ५ टक्के द्यावेच लागायचे, दर महिन्याला, वर्षभर, त्याला अंतच नव्हता. १३-१४ हजारांच्या औषधाचे ५ टक्के म्हणजे महिन्याला सहा-सातशे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट झाला, त्यामुळे २०२४ पासून ते ५ टक्के गेले आणि २०२५ पासून २,००० ची मर्यादा आली, ती यंदा २,१०० झालीय. आमच्यासारख्यांना या कायद्याने काय दिलंय ते आम्हीच जाणतो, मी दर वेळी हे लोकांना सांगत असतो कारण अजूनही खूप जणांना माहीत नाहीये आणि ते आकडा ऐकून औषधच सोडून देतात.

आता मुद्द्याचं. पैसे एकदम भरू नका. मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन म्हणून सोय आहे, २०२५ पासून प्रत्येक पार्ट डी प्लॅनला ती द्यावीच लागते. त्यात नाव घातलं की फार्मसीत शून्य भरायचं आणि प्लॅन तुम्हाला दर महिन्याला बिल पाठवतो. व्याज नाही, फी नाही. जानेवारीतच घेतलं तर २,१०० भागिले १२, महिन्याला १७५ डॉलर. जितका उशीर तितके हप्ते मोठे होतात कारण उरलेल्या महिन्यांवरच वाटणी होते, म्हणून जानेवारी सोडू नका.

फोन फार्मसीला नाही, पार्ट डी प्लॅनला करायचा, कार्डाच्या मागे नंबर असतो. वर्ष सुरू झाल्यावर अर्ज केला तर त्यांना २४ तासांत निर्णय द्यावा लागतो. त्यांनी हो म्हटलं की मग फार्मसीला सांगायचं आता क्लेम परत टाका. आधी क्रेडिट कार्डावर भरून नंतर हप्ते करून घेऊ असं म्हणत असाल तर तसं करू नका, उगाच गुंता होतो. आणि एक, एकाच प्रिस्क्रिप्शनचे तुमच्या वाट्याचे ६०० डॉलर किंवा जास्त होत असतील तर ही सोय आहे हे फार्मसीनेच तुम्हाला कळवायचं असतं. तुम्हाला फोनवर कोणी बोललं का त्याबद्दल?

जाईजुई_एडिसन

नाही हो, एक शब्द नाही. फक्त कार्ड नंबर मागितला. तुम्ही एवढं नीट समजावलंत, खूप बरं वाटलं. हप्ता चुकला तर काय होतं पण? आणि वहिनींची तब्येत कशी आहे आता?

ह्यूस्टनकर

ती चांगली आहे, रोज बागेत असते, धन्यवाद. हप्ता चुकला तर आधी नोटीस येते, दोन महिने मुदत मिळते, त्यातही नाही भरलं तर हप्त्यांच्या सोयीतून काढतात, पण पार्ट डीचं कव्हर जात नाही, प्रीमियम भरत राहिलात तर ते चालूच. बाकी राहिलेले पैसे अर्थात द्यावे लागतातच.

सदाशिवपेठी

मी पुण्यातून. आमच्या काकांना हेच औषध आहे, निन्टेडॅनिब नावाने इथे जेनेरिक मिळतं, ग्लेनमार्कने २०२० मध्येच काढलं, आता इतर कंपन्यांचंही आहे. महिन्याचा खर्च काही हजार रुपये, डॉलरमध्ये अगदीच कमी. तुमचा भाऊ इथे आहे तर कोणी येणाऱ्याबरोबर पाठवायला काय हरकत आहे? एवढे पैसे तिकडे का घालवायचे? आमच्या सोसायटीतून कितीतरी जणांची मुलं दर सुट्टीत औषधं भरून नेतात.

औषधवाले_काका

मी न्यू जर्सीतच रिटेल फार्मसीत आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सदाशिवपेठी, तुमचा हेतू चांगलाच आहे आणि भारतातल्या जेनेरिकच्या दर्जाबद्दल माझी काही तक्रार नाही, अमेरिकेतल्या जेनेरिक गोळ्यांचा मोठा वाटा भारतातूनच येतो. पण इथे तीन अडचणी आहेत. पहिली, परदेशातून औषध आणणं इथल्या कायद्यात मुळात बसत नाही. एफडीए (इथलं औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) स्वतःपुरत्या तीन महिन्यांच्या औषधाकडे कधीकधी कानाडोळा करते, पण ते प्रामुख्याने गंभीर आजाराचं औषध इथे मिळतच नसेल तर, आणि ओफेव्ह इथे मिळतं. पार्सल अडकलं तर तुमचा रोजचा डोस अडकला. दुसरी अडचण कोणी बोलत नाही: तिकडे दिलेला एकही पैसा २,१०० च्या मर्यादेत धरला जात नाही. म्हणजे वर्षाच्या मधे काही दुसरं महागडं औषध लागलं, आणि या आजारात लागू शकतं, तर मर्यादा परत शून्यापासून मोजायची. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. या औषधाला लिव्हरच्या रक्तचाचण्या लागतात, सुरुवातीचे तीन महिने दर महिन्याला आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी, जुलाब किती होतायत बघून डोस कमीजास्त करावा लागतो. स्पेशल्टी फार्मसीची नर्स दर महिन्याला फोन करून हेच विचारते. ती साखळी तोडू नका.

आणि ताई, तुमच्या मिस्टरांना माझ्याकडून सांगा की दिवसाला एक गोळी हा काटकसरीचा मार्ग नाही. डोस कमी करायचा तो डॉक्टरने, त्रास होतोय म्हणून, पैशासाठी नाही. या आजारात गेलेली फुफ्फुसाची ताकद परत येत नाही. मी काउंटरवर उभा राहून कितीतरी माणसं पाहिली जी अर्धी गोळी घेत होती आणि घरी कोणाला सांगत नव्हती, विशेषतः आपली पुरुष मंडळी. वाईट वाटायचं कारण बऱ्याचदा मदत उपलब्ध असायची, फक्त विचारलेलं नसायचं.

कार्ड का चालत नाही ते सांगतो. सरकारी पैशातून जे औषध दिलं जातं त्यासाठी औषध कंपनीने रुग्णाला कोपेत सूट देणं हे केंद्राच्या अँटी-किकबॅक कायद्यात लाच धरलं जातं. कंपनी तुमचे थोडे पैसे भरणार आणि उरलेले हजारो डॉलर सरकारकडून घेणार, म्हणून बंदी. खाजगी इन्शुरन्सला हा कायदा लागू नाही, त्यामुळे नोकरीत असताना चालायचं. मात्र कंपन्यांचे जे फुकट औषध देणारे पेशंट असिस्टन्स कार्यक्रम असतात त्यात उत्पन्न बसलं तर मेडिकेअरवाल्यांनाही कधीकधी मिळतं, आणि पॅन फाउंडेशन, हेल्थवेल यांच्यासारख्या स्वतंत्र संस्था कोपेसाठी अनुदान देतात. त्यांचा निधी आजारागणिक उघडतो आणि बंद होतो, म्हणून एकदा बघून सोडायचं नाही.

अजून एक, या आजाराला पिर्फेनिडोन नावाचं दुसरं औषध आहे, त्याचं जेनेरिक इथे २०२२ पासून मिळतं आणि खूप स्वस्त आहे. तुमच्या मिस्टरांना ओफेव्ह मानवतंय तर बदला असं मी म्हणणार नाही, पण पल्मनॉलॉजिस्टला माहिती म्हणून विचारून ठेवा.

प्राजक्त_एनजे

जाईजुई ताई, न्यू जर्सीत आहात तर पीएएडी बघितलं का?? राज्य सरकारची योजना आहे, ६५ च्या वरच्यांसाठी. जेनेरिकला ५ डॉलर, ब्रँडला ७ डॉलर, बास. २,१०० सुद्धा नाही! काही ठराविक बेसिक पार्ट डी प्लॅनचा प्रीमियमही तेच भरतात. उत्पन्नाची अट आहे, २०२५ मध्ये जोडप्याला वर्षाला साधारण ६० हजारांच्या थोडं वर होती आणि दर वर्षी थोडी वाढते. बचत किंवा घर बघत नाहीत, फक्त उत्पन्न. त्याच्या वर १० हजारांपर्यंत असाल तर सीनियर गोल्ड नावाची दुसरी योजना आहे, ती एवढी उदार नाही, १५ डॉलर अधिक उरलेल्याच्या निम्मे, पण आहे.

माझ्या सासूबाई पीएएडीवर आहेत, त्यांना एलिक्विस (रक्त पातळ करायचं) आणि जार्डियन्स (डायबिटीसचं) दोन्ही ७-७ डॉलरला मिळतं. आधी त्या म्हणायच्या सरकारची मदत घ्यायला कसंतरी वाटतं. मी म्हटलं आई, बाबांनी इथे तीस वर्षं टॅक्स भरलाय, हे त्यातलंच आहे.

गार्डन_स्टेट_आजोबा

मी आमच्या काउंटीत शिप म्हणजे स्टेट हेल्थ इन्शुरन्स असिस्टन्स प्रोग्रॅमचा व्हॉलंटिअर आहे, त्यामुळे राहवलं नाही. वरची मंडळी बरोबर सांगतायत. पण तुमच्या पोस्टमध्ये मला औषधापेक्षा मोठी गोष्ट दिसतेय आणि ती अजून कोणी काढलेली नाही.

तुम्ही ए, बी आणि डी घेतलंय असं लिहिलंत. मेडिगॅप, म्हणजे ए आणि बी मध्ये आपल्या वाट्याला येणारा खर्च भरणारा खाजगी इन्शुरन्स, घेतलंय का? कारण २,१०० ची मर्यादा फक्त पार्ट डीच्या औषधांना आहे. डॉक्टर, स्कॅन, घरी ऑक्सिजन लागला तर त्याचं मशीन, क्लिनिकमध्ये सलाइनमधून देतात ती औषधं, हे सगळं पार्ट बी मध्ये येतं. तिथे २० टक्के तुमचे आणि त्याला वरची मर्यादाच नाही. लोक ऐकतात मेडिकेअरला आता कॅप, म्हणजे वरची मर्यादा, आलीय आणि समजतात सगळ्यालाच आली. मी एका गृहस्थांना भेटलो, त्यांचं इन्फ्युजन (सलाइनमधून द्यायचं औषध) पार्ट बी खाली होतं, ते वर्षभर वाट बघत होते की कॅप कधी लागतो. तो लागणारच नव्हता.

आता तुमच्या हातात काय आहे ते ऐका. ६५ च्या वर असताना पार्ट बी पहिल्यांदा सुरू झालं की त्या महिन्यापासून सहा महिने मेडिगॅप कंपनीला तब्येतीचे प्रश्न विचारता येत नाहीत, नाही म्हणता येत नाही, आजार आहे म्हणून जास्त प्रीमियम लावता येत नाही. तुमच्या मिस्टरांचं १ जानेवारीला सुरू झालं म्हणजे जूनअखेरपर्यंत. फायब्रोसिस असलेल्या माणसाला त्यानंतर मेडिगॅप मिळणं फार कठीण, कंपन्या सरळ नाकारतात. नोकरीतला इन्शुरन्स डिसेंबरअखेरपर्यंत होता त्यामुळे जुन्या आजारासाठी थांबायची मुदतही तुम्हाला लावता येणार नाही. हे काम आधी करा.

कोणी एजंट फोन करून मेडिकेअर ॲडव्हांटेज घ्या म्हणेल, म्हणजे ए-बी ऐवजी खाजगी कंपनीमार्फत चालणारा मेडिकेअर प्लॅन, प्रीमियम शून्य वगैरे. त्यात खर्चाला मर्यादा असते हे खरं, २०२६ साठी नेटवर्कमध्ये (प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडे) जास्तीत जास्त ९,२५० डॉलर. पण तुमचा पल्मनॉलॉजिस्ट नेटवर्कमध्ये आहे का ते बघावं लागेल, प्रत्येक गोष्टीला परवानगी, आणि नंतर मागे फिरायचं म्हटलं तर मेडिगॅपचा दरवाजा तोवर बंद झालेला असतो. ज्यांना असा आजार आधीच आहे त्यांना मी तरी सहा महिन्यांची ही संधी घालवू नका असंच सांगतो.

अजून दोन कागद. जुन्या कंपनीकडून क्रेडिटेबल कव्हरेजचं, म्हणजे तिथला औषधांचा इन्शुरन्स पार्ट डीच्या तोडीचा होता असं, पत्र घ्या आणि जपून ठेवा. मिस्टर ६८ व्या वर्षी पहिल्यांदा पार्ट डीत आले, प्लॅन विचारेल की ६५ नंतरची मधली तीन वर्षं औषधांचा इन्शुरन्स होता का. पत्र नसेल तर महिन्याला १ टक्का या हिशेबाने दंड, म्हणजे ३६ टक्के, यंदाच्या ३८.९९ च्या बेस प्रीमियमवर महिन्याला १४ डॉलर, तो पार्ट डी असेपर्यंत म्हणजे जवळजवळ जन्मभर.

दुसरा कागद इर्माचा, म्हणजे जास्त उत्पन्नवाल्यांना प्रीमियमवर लागणाऱ्या जादा आकाराचा. २०२६ चे प्रीमियम २०२४ च्या उत्पन्नावर ठरतात, तेव्हा पगार चालू होता. जोडप्याचं उत्पन्न २ लाख १८ हजारांच्या वर असेल तर बी आणि डी दोन्हीवर जादा आकार लागतो. तसं पत्र आलं असेल तर सोशल सिक्युरिटीचा एसएसए-४४ फॉर्म भरा, नोकरी थांबली हे त्यात मान्य कारण आहे, ते नवीन उत्पन्नावर हिशेब करतात.

शिपचा सल्ला फुकट असतो, आम्हाला कुठल्याही प्लॅनचं कमिशन नाही. काउंटीच्या ऑफिसला फोन करून वेळ घ्या, पीएएडीचा अर्जही तिथेच भरून देतात.

क्वीन्सची_सून

न्यूयॉर्कवाल्यांनी पीएएडीसारखी त्यांच्या राज्याची एपिक योजना बघा, पेनसिल्व्हेनियात पेस आणि पेसनेट आहे, ते लॉटरीच्या पैशातून चालतं. आणि उत्पन्न खूपच कमी असेल तर केंद्राचं एक्स्ट्रा हेल्प, सोशल सिक्युरिटीकडे अर्ज, त्यात यंदा ब्रँडच्या गोळीला १२.६५ डॉलरच्या वर नाही. त्यात मात्र बचत बघतात, राहतं घर सोडून.

एक विचारायचं होतं, ते औषधांचे भाव सरकार ठरवणार होतं त्यात ओफेव्ह आहे का?

औषधवाले_काका

आहे, पण २०२७ पासून. पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ ला लागू झाले, एलिक्विस, जार्डियन्स, झारेल्टो, जानुव्हिया, एंट्रेस्टो वगैरे. एलिक्विसची महिन्याची छापील किंमत ५२१ होती ती मेडिकेअरसाठी २३१ झाली. टक्क्यांनी पैसे भरणाऱ्यांना फरक लगेच दिसेल. एलिक्विसचं जेनेरिक एफडीएने २०१९ मध्येच मंजूर केलंय पण पेटंटच्या निकालांमुळे इथे २०२८ च्या एप्रिलपर्यंत येणार नाही, तोवर हीच सवलत. पुढच्या पंधरा औषधांत ओफेव्ह आणि ह्यूस्टनकरांचं आयब्रन्सही आहे. ताईंना खिशातून फारसा फरक पडणार नाही कारण त्या मर्यादेला जवळजवळ तशाही पोचतील, पण मेडिकेअरचे पैसे वाचतात ही गोष्ट लहान नाही, ते सगळ्यांचेच आहेत.

जाईजुई_एडिसन

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. प्लॅनला फोन केला, पेमेंट प्लॅनची पहिल्या बाईंना माहिती नव्हती, तिने दुसऱ्या डिपार्टमेंटला जोडून दिलं, तिथे फोनवरच नाव घातलं. दुसऱ्या दिवशी मंजूर झाल्याचा मेसेज आला, फार्मसीने क्लेम परत टाकला, आणि पार्सल आलंसुद्धा, दारात एक डॉलर दिला नाही. पहिलं बिल १७५ चं येईल म्हणाले.

काकांची पोस्ट मिस्टरांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत पण आता दोन्ही वेळा घेतायत, मी डबीत बघते.

मेडिगॅपचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आजोबा, तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. काउंटीत शिपची अपॉइंटमेंट घेतलीय, पत्र आणि पीएएडीचे कागद बरोबर नेते. यंदा उत्पन्न पगाराशिवायचं असल्यामुळे कदाचित बसू.

शेवटचा प्रश्न. मार्चमध्ये भाच्याच्या लग्नाला सहा आठवडे पुण्याला जायचंय. फार्मसी एका वेळी ३० दिवसांच्याच गोळ्या देते. मग काय करायचं?

औषधवाले_काका

प्लॅनला व्हेकेशन ओव्हरराइड मागा. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी फोन करा, तारखा सांगा, तिकीट मागितलं तर द्या. बरेच प्लॅन वर्षात एखाद्या वेळी पुढच्या महिन्याचं औषध आधी देतात. तुमची मर्यादा भरलेली असल्यामुळे त्याचे पैसे लागणार नाहीत. नाही म्हणाले तर डॉक्टरच्या ऑफिसकडून पत्र पाठवा आणि परत विचारा. गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ बाटलीत, प्रिस्क्रिप्शनच्या प्रतीसकट ठेवा, चेक-इन सामानात टाकू नका. आणि जायच्या आधी लिव्हरची रक्तचाचणी करून जा, लग्नाच्या जेवणावळीत पोट बिघडलं तर गोळीमुळे की जेवणामुळे ते डॉक्टरला ठरवता आलं पाहिजे.